टेकायला खांब

ज्ञानदेव याच खांबाला टेकून बसले होते, हे कशावरून? नेवाशात हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. भाचीनं विचारला, आणि तोही खांबाला डोकं टेकून नुकत्याच वळलेल्या मामांना.

मामा प्रवरेच्या काठचे, कांदा आणि ऊस करणारे शेतकरी. आषाढीची वारी चुकवत नाहीत. अमृतानुभवाची दहाही प्रकरणं त्यांनी जाणत्यांच्या पायाशी बसून ऐकली आहेत. भाची पुण्यात पुरातत्त्व शिकलेली, मातीचा थर पाहिल्याशिवाय कशालाही ‘आहे’ न म्हणणारी. दोघंही या लेखापुरती उभी केलेली आहेत. नेवाशात जाऊन शोधलीत तर सापडायची नाहीत. ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्याविषयीच्या लेखात एवढी सूट चालून जावी. वाद मात्र त्यांनी शोधून काढलेला नाही. तो या नगर जिल्ह्यात सव्वासातशे वर्षं चालू आहे, आणि त्यातली बाकी माणसं, गावं आणि दगड खरे आहेत.

या खांबाला ‘पैस’ म्हणतात. ऐसपैसमधला पैस, म्हणजे विस्तार, मोकळी जागा. दुर्गा भागवतांच्या ‘पैस’ या पुस्तकाला १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि नेवाशाला कधीही न गेलेल्या वाचकांच्याही मनात हा खांब उभा राहिला. दगडाला विस्तार म्हणायचं हे मुळातच नवलाचं. दगड जागा अडवतो. पैस म्हणजे न अडलेली जागा. खांबावर अक्षरंही कोरलेली आहेत. ती काय सांगतात ते मामांना ठाऊक नव्हतं. माउलींविषयीच असणार, असं धरून ते इतकी वर्षं हात जोडत आले.

“अगं, ग्रंथ इथं सांगितला. शके १२१२,” मामा म्हणाले.

“ग्रंथ इथला, कबूल. ज्ञानेश्वरीच्या शेवटी गोदावरीचा काठ येतो, पंचक्रोश क्षेत्र येतं, यादवांचा राजा रामचंद्र येतो, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं तेही येतं. खांब येत नाही.”

“टेकायचा खांब कोण ग्रंथात लिहितं? तू प्रबंध लिहिलास तेव्हा खुर्ची कोणत्या कंपनीची होती ते लिहिलंस का?”

भाची हसली, पण हरली नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. खांब आहे, यात वाद नाही. ज्ञानदेव होते, यातही नाही. पण ‘ज्ञानदेव या खांबाला टेकले’ ही तिसरी गोष्ट पहिल्या दोन गोष्टींतून आपोआप निघत नाही. ती कशाला टेकून उभी आहे?

“लोकांच्या बोलण्याला,” मामा म्हणाले.

“मग ती लोकांच्या बोलण्याइतकीच भक्कम.”

हा टोला बारीक नव्हता. तरी तिला नेवाशातच उत्तर मिळण्याजोगं होतं, आणि तेही तिच्याच शास्त्रातून.

नदीच्या काठावर लाडमोड नावाची टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी इथं १९५४ ते १९५६ आणि पुन्हा १९५९ ते १९६१ या काळात खणत होते. वरचे थर मध्ययुगाचे, त्याखाली सातवाहनांच्या काळातले, रोमशी व्यापार असल्याच्या खुणा दाखवणारे, त्याखाली ताम्रपाषाणयुगातली, तांबडी भांडी काळ्या रंगानं चितारणारी वस्ती, आणि नदीच्या गोट्यांत अश्मयुगाची हत्यारं. मधल्या अश्मयुगातल्या एका हत्यार-परंपरेला जगभरच्या अभ्यासात ‘नेवासियन’ म्हणतात, ती या गावावरून. एका तालुक्याच्या गावानं काळाच्या एका तुकड्याला आपलं नाव द्यावं, हे फार थोड्या ठिकाणी घडतं.

ताम्रपाषाणयुगातले लोक मेलेलं मूल घरापासून लांब नेत नसत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यांत मूल, आणि ते घराच्या जमिनीखाली. नेवाशात अशा एका लहान मुलाबरोबर तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. त्या मण्यांत धाग्याचा तुकडा शिल्लक होता. अ. ना. गुलाटींनी तो तपासला, तेव्हा त्यात रेशीम आणि कापूस निघाला. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा धागा या हवेत टिकत नाही, हाडंसुद्धा नीट टिकत नाहीत. हा टिकला तो तांब्यामुळं. तांबं गंजलं, गंजाचे क्षार धाग्यात शिरले आणि कुजवणाऱ्या जिवांना त्यांनी लांब ठेवलं.

भाचीनं हे सांगितलं तेव्हा मामा थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, “त्या पोराची आई रडली असंल का गं?”

“माहीत नाही.”

“म्हणजे रडली नाही?”

“तसं नाही म्हटलं. रडण्याचा थर लागत नाही, मामा.”

“पण माळ घातली ना कुणीतरी. जमिनीत पुरायच्या लेकराला रेशमात ओवलेली माळ. तू म्हणतीस धागा आहे, आणि दुःख मात्र ‘माहीत नाही’. तो धागा गंजाला टेकून राहिला. दुःख धाग्याला टेकून राहिलंय, एवढं म्हणू का नको?”

भाचीला ‘म्हणा’ म्हणवत नव्हतं. ‘नको’ तर त्याहून नाही.

पुरातत्त्वातली माणसं वस्तू पुढ्यात असूनही अडतात, याचं जिल्ह्यातलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण दायमाबादचं. श्रीरामपूर तालुक्यातल्या या उजाड गावठाणात १९७४ साली एका शेतकऱ्याला झुडपाच्या मुळ्या खणताना चार ओतीव मूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैल जुंपलेला रथ, रथात उभा एक माणूस. चारही मिळून वजन साठ किलोंच्या वर. एवढी जड, एवढी देखणी वस्तू ‘आहे की नाही’ असा प्रश्न कोणता वेडा विचारील? पण त्या रीतसर खोदकामात, थरात मिळाल्या नव्हत्या. म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी त्या उत्तर-हडप्पा काळातल्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातू तपासला, त्यात एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक होतं, आणि ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंत असं मिश्रण मिळत नाही म्हणून त्या पुष्कळ नंतरच्या असाव्यात असं सुचवलं. दोन्ही मतांत हजारभर वर्षांहून जास्त अंतर. रथ तोच, माणूस तोच, बैल तेच.

“बघ,” मामा म्हणाले, “तुझ्या हातात साठ किलो पितळ आहे आणि तरी तुला ते काय आहे ते ठाऊक नाही.”

“कांसं, पितळ नाही. आणि ठाऊक नाही हे ठाऊक असणं, हेच आमचं काम.”

“आमचंबी तेच की.”

इथून बोलणं मूळ मुद्द्यावर आलं. मामांचं ‘आमचं’ म्हणजे काय?

बाहेर सर्वसाधारण समजूत अशी आहे की, आपल्याकडचं तत्त्वज्ञान म्हणजे ‘जग खोटं’. शंकराचार्यांच्या परंपरेत याची मांडणी बारकाईनं केलेली आहे, आणि ती वाटते तितकी बावळट नाही. दोरीवर साप दिसतो तो दिसण्यापुरता खरा. रोजचं जग व्यवहारापुरतं खरं. ब्रह्म तेवढं अखेरपर्यंत खरं. मग ब्रह्म एकच असताना हे भारंभार जग दिसतं कुठून? अविद्येमुळं. अज्ञानाचा पडदा पडतो आणि एकाचे अनेक दिसतात. दुसऱ्या टोकाला महानुभावांचे चक्रधर. ज्ञानदेवांच्या आधीच, याच गोदाकाठच्या मुलखात हिंडताना त्यांनी सांगून टाकलं होतं की जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही वेगवेगळे, स्वतंत्र आणि नित्य. कुणी कुणात विरघळत नाही. हिशेब चोख.

ज्ञानदेव या दोघांच्या मध्ये बसत नाहीत, ते तिसरीकडेच निघून जातात. अमृतानुभवाची ओळख ‘अवघड ग्रंथ’ अशी करून देऊन लोक सुटका करून घेतात, पण त्याच्या सातव्या, सगळ्यात लांब प्रकरणाचं नावच ‘अज्ञानखंडन’ आहे. ज्या अज्ञानाच्या खांबावर मायेची सगळी माडी उभी होती, तोच खांब त्यांनी हलवून पाहिला. तो हलला.

मामांनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. “समज, अज्ञान आहे. मग ते कुणाला कळलं? ज्याला कळलं तो तर जाणता झाला. आणि कुणालाच कळलं नाही, तर ते आहे हे सांगतो कोण? अंधार कसा असतो ते बघायला बॅटरी घेऊन गेलं तर काय दिसंल?”

“बॅटरी न घेता गेलं तर?”

“तर काहीच दिसणार नाही. मग आहे कशावरून म्हणतीस?”

भाचीला यात एक चूक दिसत होती आणि ती तिनं सांगितली. अंधार म्हणजे उजेड नसणं. त्यासाठी ‘अंधार’ नावाची वस्तू असावी लागत नाही, आणि ती नाही म्हटल्यानं खोलीत उजेडही पडत नाही. परीक्षेत नापास झालेल्या पोरानं ‘अज्ञान नावाची वस्तूच नाही’ म्हणून गुण मागितले तर? मामा खो खो हसले. पण त्यांचं उत्तर तयार होतं: माउली पोराच्या अभ्यासाविषयी बोलतच नाहीत. आठव्या प्रकरणाचं नाव ‘ज्ञानखंडन’ आहे. अज्ञान गेलं की त्याच्या विरुद्ध उभं राहिलेलं ज्ञानही जातं. शत्रू मेल्यावर फौज कशाला पोसायची?

या मुद्द्यावर लेखकाचा कौल मामांकडं आहे. एखादी गोष्ट समजावून सांगायला न दिसणारा, धरता न येणारा, आहे असंही नाही आणि नाही असंही नाही असा एक पदार्थ मध्ये घालायचा, आणि मग त्याच्यावर सगळं ढकलायचं, ही सवय तत्त्वज्ञानातच नव्हे, कचेऱ्यांतही दिसते. विसाव्या वर्षाच्या आसपास असलेल्या एका मुलानं मराठीत, ओव्यांत, ती नाकारली, हे धाडस होतं.

मग जग काय? चिद्विलास. जाणिवेचाच खेळ. पाहणाराच पाहण्याच्या हौसेनं दृश्य होतो. अभ्यासकांना यात काश्मीरच्या शैव मताची सावली दिसते, आणि ती कल्पना ओढूनताणून आणलेली नाही; ग्रंथात शिवसूत्रांचा उल्लेखच आहे. या मतात जग खोटं ठरत नाही. ते दुसरं ठरत नाही, एवढंच.

“गुळातून गोडी बाजूला काढून दाखव,” मामा म्हणाले. “शिव आणि शक्ती तशी. देव आणि जग तसं.”

“मामा, तुमच्या जिल्ह्यात रोज काढतात की. कारखान्यात साखर एका बाजूला आणि मळी दुसऱ्या बाजूला.”

“मळी चाखलीस कधी? तीबी गोडच लागती.”

याला भाचीकडं उत्तर नव्हतं, आणि रसायनशास्त्राचंही मत मामांच्याच बाजूनं पडतं. साखर काढून घेतल्यावरही मळीत ती भरपूर उरते. कारखान्यांची दारू-अल्कोहोलची डिस्टिलरी चालते ती तिच्यावरच.

गंमत अशी की या गावाची देवता मोहिनीराज. अमृत वाटताना असुरांना भुलवण्यासाठी विष्णूनं घेतलेलं रूप. म्हणजे ज्या गावात मायेचा पाया उखडला, त्या गावाच्या देवळात मायेचीच पूजा. मामांना यात विसंगती वाटत नाही. भुलवणारं रूपही देवाचंच होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हतं, असं ते म्हणतात. आणि उलट टोक पाहायचं तर तेही जिल्ह्यातच आहे. नगर शहराच्या दक्षिणेला, अरणगावाजवळ मेहेराबाद. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून आणि पुढं हातांच्या खुणांनी त्यांनी जे सांगितलं, त्यातून १९५५ साली ‘गॉड स्पीक्स’ हे पुस्तक निघालं. त्यांच्या मते ईश्वर तेवढा खरा, बाकी सृष्टी भ्रम. नेवासे ते अरणगाव हा रस्ता एसटीनं दोनेक तासांचा. विचारानं फार लांबचा.

या टप्प्यावर मामांनी क्वांटम काढलं. मोबाईलवर त्यांना कुणीतरी पाठवलं होतं की विज्ञानानंही आता मान्य केलंय, आपण बघितलं तरच वस्तू असते.

“नाही हो मामा,” भाची वैतागली. “अणूंच्या पातळीवर मोजमाप करण्यापूर्वी काही गुणधर्म ठरलेले असतात का, हा खरा प्रश्न आहे. त्यावरच्या प्रयोगांना २०२२ चं नोबेल मिळालं. पण तिथं ‘बघणं’ म्हणजे यंत्राशी संबंध येणं. तुमचा कांदा तुम्ही चाळीकडं पाठ केली तरी सडतोच.”

“ते मात्र खरं,” मामा कळवळून म्हणाले.

हाच वाद याहून भारदस्त माणसांनी घातला होता. १४ जुलै १९३० रोजी बर्लिनजवळच्या काप्युट गावी रवींद्रनाथ टागोर आइन्स्टाइनना भेटले. माणसाच्या मनावाचून सत्याला अर्थ नाही, असा टागोरांचा रोख होता. घरात कुणी नसलं तरी टेबल जागच्या जागी असतं, यावरून आइन्स्टाइन हटेनात. कुणीच कुणाला पटवू शकलं नाही. त्या दोघांचं जमलं नाही म्हणून आपण सोडून द्यावं, असं मात्र नेवाशात कुणाला वाटत नाही.

भाचीनं आता बाजू बदलली. तिचा स्वतःचाच एक प्रश्न होता, आणि तो जास्त अवघड होता. दगड आहे, कांदा आहे, ठीक. पण कांद्याचा भाव कुठं असतो?

घोडेगावच्या कांदा मार्केटमध्ये सकाळी गोण्यांची थप्पी लागते. लिलाव पुकारत माणसं एका वक्कलावरून दुसऱ्यावर जातात, आकडा चढतो, थांबतो, आणि आडत्या पट्टी करतो. पट्टी म्हणजे कागदाचा कपटा. कांदा कालचाच, वजन कालचंच, वासही तोच. भाव मात्र काल होता तो आज नाही. तो कांद्याच्या आत नव्हता, गोणीत नव्हता, पाकळ्या सोलत गेलात तर सापडायचा नाही. तरी मुलीचं लग्न त्याच्यावर अडतं.

“हा भाव आहे का नाही, मामा? चिद्विलासात बसतो का?”

मामांनी बराच वेळ घेतला. “बसतो,” ते शेवटी म्हणाले, “पण विलास दुसऱ्याचा चालतो, आणि बसावं मला लागतं.”

पुणतांब्याचा विषय निघाला तो यावरूनच. राहाता तालुक्यातलं हे गोदावरीकाठचं गाव. १ जून २०१७ रोजी इथून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि राज्यभर गेला. दूध रस्त्यावर ओतलं, भाजीपाला शहरांकडं जाईना. मागण्या कर्जमाफीच्या आणि भावाच्या. ज्या दोन गोष्टी कुणाला डोळ्यांनी दिसत नाहीत, कर्ज आणि भाव, त्यांच्यासाठी डोळ्यांना दिसणारं सगळं थांबलं. जग मिथ्या असेल, कर्ज मिथ्या नाही. सोसायटीच्या सचिवाला ते ब्रह्माहून पक्कं ठाऊक असतं.

अशा गोष्टींना इंग्रजी पंडितांनी सामाजिक वास्तव वगैरे नावं दिली आहेत. जिल्ह्याला ती शिकवायची गरज नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० च्या सुमारास तो सुरू झाला, तेव्हा आधी होतं काय? शेअरचे कागद आणि एकमेकांवरचा भरवसा. चिमणी नंतर आली. नेवासे तालुक्यातच शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना पूर्वापार दारं नाहीत, चौकटी आहेत. २०११ साली एका बँकेनं तिथं कुलूप नसलेली शाखा उघडली. शनीचा कोप आहे की नाही यावर वाद घालता येईल. दार नाही, यावर घालता येत नाही. नसलेल्या दाराला टेकून काय आहे, ते ज्यानं त्यानं शोधावं.

भाची पुरातत्त्ववाली खरी, पण इथं तिनंच कबुली दिली. सातवाहनांच्या थरात नाणं मिळतं तेव्हा धातू मिळतो; त्या नाण्यानं किती ज्वारी येत होती, ते मिळत नाही. ते चालवणारी माणसं गेली की नाणं पुन्हा शिसं होतं.

“आणि पत्र?” मामांनी विचारलं. “कोऱ्या पत्राचं काय?”

कारण पुणतांब्यात चांगदेवांची समाधी आहे, आणि चांगदेव म्हटलं की कोरं पत्र आलंच. कथा सर्वांना ठाऊक आहे: चौदाशे वर्षं जगलेल्या योग्यानं या पोरवयाच्या ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यातच अडला. वयानं लहान म्हणून चिरंजीव म्हणावं, तर ज्ञानानं मोठे. तीर्थरूप म्हणावं, तर वयानं लहान. कोरा कागदच पाठवला. उत्तरात पासष्ट ओव्या आल्या, चांगदेव पासष्टी. पाहणारा, पाहणं आणि पाहिलं जाणारं या तिघांत मुळात फूट नाही, हा तिचा गाभा. चौदाशे वर्षं भाची सोडून देते, तिचा तो प्रांत नाही. पण न लिहिलेल्या पत्राला उत्तर येतं, ही गोष्ट तिलाही आवडते. नसलेला मजकूर वाचला गेला आणि त्यातून असलेला ग्रंथ झाला.

याच्या अगदी उलट पत्रं नगरच्या किल्ल्यात लिहिली गेली. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीला पकडून इथं कोंडलं. मौलाना आझादांनी हबीबुर्रहमान खान शेरवानी या स्नेह्याला उर्दूत एकामागून एक पत्रं लिहिली, चहावर, चिमण्यांवर, ईश्वराच्या असण्यावर. टपाल नव्हतं. पत्रं किल्ल्यातच राहिली आणि १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून पुस्तकातून बाहेर आली. त्याच किल्ल्यात आचार्य नरेंद्र देव वसुबंधूचा ‘अभिधर्मकोश’ फ्रेंच भाषांतरावरून हिंदीत आणत होते. जगात मुळात काय काय आहे, याची बौद्धांनी केलेली यादी तिथं आहे. पंचाहत्तर घटक, आणि त्यांत ‘मी’ नाही. नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं. त्यांनी अद्वैताचं कौतुक केलं आणि आपल्याला रस आहे तो याच जगात, याच आयुष्यात, हेही सांगून टाकलं. एका तटबंदीत ईश्वर मानणारा, ‘मी’ न मानणाऱ्यांचा भाषांतरकार आणि दोन्ही प्रश्न बाजूला ठेवणारा. जेवण बहुधा एकाच पंगतीला.

“पोचलं नाही ते पत्र झालं का?” भाचीनं विचारलं.

“कोरं पोचलं ते झालं, मग हेबी झालंच.”

किल्ला नगरचा म्हणताना मामा अडखळले. अहमद निजामशहानं पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसवलेलं शहर २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर आहे. अहिल्यादेवींचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, १७२५ चा. गाव तेच राहिलं का, नाव बदललं की वस्तूही बदलते का, हा तत्त्वज्ञानाच्या वर्गातला जुना प्रश्न. अमृतानुभवाचं सहावं प्रकरण ‘शब्दखंडन’ आहे, शब्दाची पोच कुठवर ते मोजणारं. जिल्ह्यातल्या माणसानं तो प्रश्न केव्हाच सोडवून टाकलेला दिसतो. तो आधीही ‘नगरला चाललो’ म्हणायचा, आताही तेच म्हणतो. दोन्ही नावांचं अर्ध तेवढं त्यानं ठेवून घेतलं आहे.

ऊन कललं तशी गर्दी पांगली. भाची पुन्हा खांबाजवळ गेली. अक्षरांवर बोट न टेकवता, बोटभर अंतर ठेवून, ती ओळीवरून हात फिरवू लागली.

“काय लिहिलंय गं त्याच्यावर?”

“तुम्ही कधी विचारलं नाही कुणाला?”

“माउलींचंच असंल म्हटलं.”

“नाही, मामा. इथं करवीरेश्वराचं देऊळ होतं. त्या देवाच्या अखंड दिव्याला तेल मिळावं म्हणून दर महिन्याला द्यायच्या पैशांचं दान आहे हे. माउलींचं नाव नाही.”

मामा जवळ आले. त्यांनी डोळे बारीक केले, पण ती लिपी त्यांना लागेना.

“म्हणजे तेलाचा हिशेब,” ते म्हणाले.

“तेलाचा हिशेब.”

“आणि ते देऊळ?”

“हा खांब उरलाय.”

“म्हणजे माउली बसली तेव्हा समोर दिवा असंल.”

“दान चालू असलं, तर असेल.”

“तू ‘असेल’ म्हणालीस.”

“दान चालू असलं तर, असं म्हणाले.”

मामांनी हिशेब घालावा तशी बोटं मोडली. “अखंड म्हणून लिहिलं, आणि मग कुणीतरी एका महिन्याला पैसे भरले नसतील. शेवटचे कुणी भरले, ते लिहिलंय का?”

“ते कुणी कोरत नाही, मामा.”

ते परत खांबाकडं वळले. मघाशी जिथं डोकं टेकलं होतं तिथंच, अक्षरांच्या खाली, त्यांनी हात ठेवला. भाचीनं घड्याळ पाहिलं. नगरची गाडी सव्वापाचला होती.

“टेका हवं तर,” ती म्हणाली. “अजून वीस मिनिटं आहेत.”